मित्राच्या स्मरणार्थ सोसलेले श्रम

आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत कोणी तरुण अकालीं मरण पावला म्हणजे त्याचे सोबती त्याच्यासाठीं कांहीं तरी करूं इच्छितात. कोणी फलक लावितो, कोणी जेवण घालतो. अलीकडे आणखी एक रीत पुढें आली आहे. मित्राच्या नांवानें लांबचें अंतर चालावें, धांवावें किंवा सायकलीनें कापावें, आणि त्या निमित्तानें जमलेला पैसा आजाऱ्यांच्या कामीं लावावा. ही रीत चांगली कीं केवळ देखावा, असा प्रश्न मंडळींत निघाल्यास उपदेशकानें काय सांगावें, ह्याचा विचार आपण ह्या धड्यांत करूं.

योनाथान लढाईंत पडला तेव्हां दाविदानें विलाप केला, परंतु तेवढ्यानें तो स्वस्थ बसला नाहीं. पुढें राजा झाल्यावर, योनाथानाप्रीत्यर्थ ज्यावर दया करावी असा कोणी उरला आहे काय, ह्याचा त्यानें शोध केला, आणि दोन्ही पायांनीं लंगड्या मफीबोशेथास आपल्या पंक्तीस बसविलें (२ शमुवेल ९). मेलेल्या मित्रास आपण कांहीं देऊं शकत नाहीं. त्याचें देणें जिवंत माणसाच्याच हातीं पोंचवावें लागतें.

आतां आपल्या काळाजवळचें उदाहरण घेऊं. कॅनडा देशांतील टेरी फॉक्स ह्या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळें १९७७ सालीं गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हां तो १८ वर्षांचा होता. रुग्णालयांत त्यानें आपल्याहून लहान मुलें त्याच रोगानें तळमळतांना पाहिलीं, आणि बाहेर आल्यावर त्यांस विसरणें त्यास जमेना. रोगाच्या संशोधनासाठीं पैसा जमवावा म्हणून सबंध देश धांवत ओलांडण्याचा त्यानें निश्चय केला. एक वर्षाहून अधिक काळ सराव करून १२ एप्रिल १९८० रोजीं त्यानें पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावरून आरंभ केला. लांकडी पायासारखा कृत्रिम पाय बांधून तो रोज सुमारें ४२ किलोमीटर धांवे. म्हणजे जवळजवळ गोंदियाहून आमगांवास जाऊन परत येण्याइतकें. डग अल्वर्ड नांवाचा मित्र गाडी घेऊन त्याच्या बरोबर असे.

प्रारंभीं पुष्कळ ठिकाणीं कोणी लक्षही दिलें नाहीं. परंतु पोर्ट ओ बास्क ह्या सुमारें १०,००० वस्तीच्या गांवानें १०,००० डॉलर दिले. दर माणशीं एक डॉलर! तेव्हांपासून देशांतील प्रत्येकाकडून एक डॉलर मिळावा, ही टेरीची आशा झाली.

१ सप्टेंबर १९८० रोजीं, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवल्यावर, त्यास थांबावें लागलें. रोग फुप्फुसांत पसरला होता. पश्चिमेच्या समुद्रापर्यंत धांवत जाणें त्यास साधलें नाहीं. परंतु १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४१ लाखांहून अधिक डॉलर जमले. देशाची लोकसंख्याही सुमारें तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजीं, २२ व्या वर्षीं, टेरी वारला. ज्याचा स्वतःचा पुत्र १९७८ सालीं कर्करोगानें गेला होता, अशा इझाडोर शार्प ह्या हॉटेलमालकानें टेरीच्या नांवें दर वर्षीं धांव भरविण्याचें वचन दिलें होतें. त्याप्रमाणें १३ सप्टेंबर १९८१ रोजीं सुमारें ३ लक्ष लोक धांवले व चालले. तेथें पहिला नंबर नाहीं, बक्षीस नाहीं. एकाचे श्रम जेथें संपले तेथून इतरांनीं ते उचलले.

आपल्याकडेही मुंबईंत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनींत पुष्कळ लोक धर्मादाय संस्थांसाठीं देणग्या मिळवितात. मग खेड्यांतील मंडळीनें काय करावें?

पहिली गोष्ट, मित्राच्या घरच्यांस विचारावें. त्यांचें दुःख त्यांच्या संमतीवांचून रस्त्यावर आणूं नये.

दुसरी गोष्ट, मित्र ज्या दुःखानें गेला त्याच दुःखांत असलेला माणूस शोधावा. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक मुलास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. अशा रुग्णांस कित्येकदां रक्त द्यावें लागतें. तेव्हां पदयात्रेबरोबर रक्ततपासणी व रक्तदान ह्यांचीही व्यवस्था करावी. मात्र लांब चालण्याच्या दिवशींच रक्त देऊं नये.

तिसरी गोष्ट, आपला देह जपावा. सराव हळूहळू वाढवावा. कडक उन्हांत पाण्यावांचून अति श्रम केल्यास सिकलसेलच्या वाहकाच्याही जिवावर बेतूं शकतें. म्हणून आधीं तपासणी करावी, आणि मे महिना टाळून धान कापल्यानंतरचा हिंवाळा निवडावा. एका आईचें दुःख हलकें करावयास निघून दुसऱ्या आईस रडविणें हें स्मरण नव्हे.

चौथी गोष्ट, पैशाला पावती असावी, आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा.

इतकें पाळलें तर दोन कोस चालणेंही पुरे आहे. जो अर्ध्या वाटेंत थकेल त्यास कोणी हंसूं नये. टेरीही अर्ध्या वाटेंतच थांबला. किती चाललों हें मित्र विचारणार नाहीं. कोणाच्या दारापर्यंत पोंचलों, हें मात्र आपण स्वतःस विचारावें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न
१. दाविदानें योनाथानाचें स्मरण कोणत्या कृतीनें केलें?
२. टेरी फॉक्स शेवटास न पोंचतां त्याचें काम कसें पुढें गेलें?
३. आपल्या गांवांत असा कोणता आजारी आहे, कीं ज्याच्याकडे जाण्यास आजच निघतां येईल?