साठीनंतरचा शरद : दोघांनी मिळून बाहेर पडावे

पाऊस ओसरला, अजिंक्यताऱ्यावर टेकलेले ढग निघून गेले आणि सकाळी अंगणात पारिजातकाचा सडा दिसू लागला की आपल्या साताऱ्यात शरद आला असे समजावे. दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे चादर ओढावीशी वाटते. आयुर्वेदाने आश्विन-कार्तिक हे शरदाचे महिने मानले असून या काळात पित्त उफाळते असे सांगितले आहे. शरद ही वैद्यांची आई, असे जुनी मंडळी गमतीने म्हणत. रोगी वाढतात आणि वैद्याचे घर चालते, असा त्याचा अर्थ. माझ्या दवाखान्यातही या दिवसांत बाकडी भरलेली असतात. पण साठी-पासष्टी ओलांडलेल्या वाचकांना आज या ऋतूची दुसरी बाजू सांगायची आहे. पावसाळ्यात घरात बसून जे गमावले, ते परत मिळवण्याची हीच वेळ आहे.

गमावले म्हणजे काय, तर पायांतली ताकद. साताऱ्याचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर निसरडे रस्ते, ओले जिने, शेवाळलेली अंगणे. म्हातारी माणसे आपणहून घरात बसतात आणि मुलेही बसवतात. "आई, तू कशाला बाहेर पडतेस, मी आणतो ना," हे वाक्य प्रेमाचेच असते, पण ते चार महिने रोज ऐकले की पाय विसरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्ध माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो मांस झडले. घरात बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे मान्य. पण दिशा तीच आहे.

आमच्या पेठेतल्या एका जोडप्याचे उदाहरण देते. नावे सांगत नाही, काका आणि काकू म्हणू. काका चौऱ्याहत्तरचे, काकू अडुसष्टच्या. मागच्या श्रावणात काकू मागीलदारी घसरून पडल्या. हाड मोडले नाही, मुका मार लागला, पंधरा दिवसांत बऱ्याही झाल्या. पण त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर पडेनात. मंडई काकांकडे गेली, देवळात जाणे सुटले, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत दोघांनी मिळून जाण्याचा रिवाजही संपला. काका एकटेच फिरायला जात आणि काकू दिवाणावर बसून दाराकडे बघत.

"काकू, हल्ली राजवाड्याकडे दिसत नाही तुम्ही?" मी विचारले.

"जाऊन काय करायचं? पुन्हा पडले तर तुम्हालाच ताप."

वाचकहो, पडण्याची ही भीती पडण्याइतकीच वाईट. भीतीने माणूस चालत नाही, न चालल्याने मांड्या-पोटऱ्या दुबळ्या होतात, तोल जाऊ लागतो आणि मग माणूस खरोखरच पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने परावलंबन आणि कित्येकदा त्यातूनच शेवट, असा प्रवास मी अनेक घरांत पाहिला आहे. तेव्हा काकूंचे फिरणे सुटले ही किरकोळ गोष्ट नव्हती.

आपले पाय कुठवर आले आहेत हे घरीच पाहता येते. हात असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसा. समोर दहा फुटांवर खडूची रेघ ओढा. घड्याळ पाहून उठा, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. नेहमीची चप्पल घालावी, काठी वापरत असाल तर घ्यावी, आणि जवळ कोणीतरी उभे असावे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. काकूंना एकोणीस लागले. काकांना दहा लागले आणि त्यांनी जरा छाती फुगवली. त्यांच्याकडे नंतर येते.

काकूंना मी पहिले आठ दिवस रस्त्यावर पाठवलेच नाही. सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, शक्यतो हातांचा आधार न घेता. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीलगत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चालणे. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत जेवढे होईल तेवढे. नवव्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. हस्त नक्षत्र लागले आणि शेजारच्या आळीत हादगा सुरू झाला, तेव्हा मुलींची गाणी ऐकायला आणि खिरापत ओळखायला त्या तिथवर जाऊ लागल्या. व्यायाम म्हणून सांगितले असते तर गेल्या नसत्या. खिरापतीसाठी गेल्या.

काठीबद्दल मात्र आमचे बरेच भांडण झाले. काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतील, म्हणून काकू काकांची लांब छत्री टेकत चालत. छत्रीचे टोक फरशीवर सटकते आणि तिची उंचीही आपल्या मापाची नसते. काठी कशी असावी? चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात मोकळा सोडावा. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ यावी. खाली रबरी टोपण असावे आणि ते झिजले की लगेच बदलावे. आणि बहुतेक सगळे चुकतात ती गोष्ट म्हणजे, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरायची नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवे पाऊल पुढे टाकताना काठीही पुढे. असे केले की दुखऱ्या बाजूचा भार हलका होतो. विश्वास बसत नसेल तर खोलीत दोन्ही प्रकारे चालून पाहा.

चष्म्याचेही सांगते. जवळचा आणि लांबचा असा जोडभिंगाचा चष्मा घालून पायरी उतरताना नजर खालच्या, वाचायच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. उतरताना मान थोडी खाली घालून वरच्या भिंगातून पाहावे किंवा फिरण्यासाठी लांबच्या नजरेचा साधा चष्मा वेगळा करावा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये. चपलेला मागे पट्टा हवा. घरातल्या सपाता रस्त्यावर नकोत.

आता जी गोष्ट बायका सहसा बोलत नाहीत ती. तिसऱ्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा काकू दार लोटून घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू का, पडायची भीती आहेच. पण वाटेत लघवीला लागली तर जायचं कुठे?" रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी होती आणि ती त्या संध्याकाळी चार वाजता घेत. वर शिंकताना, जिना चढताना थेंब जाई. म्हणून बाहेर जायचे असले की दुपारपासून पाणी बंद. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तोडले की चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते आणि बद्धकोष्ठ होऊन त्रास आणखी वाढतो. ही गोळी बहुतेकांना सकाळी घेता येते, पण आपल्या मनाने वेळ बदलू नये, डॉक्टरांना विचारावे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. निघण्याआधीच्या तासात कमी केले तरी चालेल. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेवढेच घ्यावे. आणि एक व्यायाम : लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून सैल सोडावेत, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी होतो, कोणाला कळतही नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नये. गावात बायकांसाठी स्वच्छ मुताऱ्या पुरेशा नाहीत, हा दोष बायकांच्या शरीराचा नव्हे. पण तो विषय आरोग्य सदरापेक्षा पहिल्या पानाचा आहे.

काकांकडे वळू. त्यांना मधुमेह आहे. पहाटे पाचला उठायचे, मधुमेहाची गोळी घ्यायची आणि उपाशीपोटी तरातरा चालत चार भिंतींपर्यंत चढायचे, हा त्यांचा नेम. एका सकाळी वाटेत हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळले. बरोबरच्या मित्राने प्रसंग ओळखून साखर चारली म्हणून निभावले. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी चालले की रक्तातली साखर फार उतरते. अशा रुग्णांनी गोळीची वेळ आणि खाणे यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावा आणि खिशात तीन चहाचे चमचे साखरेची पुडी ठेवावी. लक्षणे दिसताच ती खावी, बसावे, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. नंतर काहीतरी पोटभरीचे खावे. दुसरे म्हणजे अंथरुणातून ताडकन उठू नये. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच दाब उतरतो. आधी मिनिटभर काठावर बसावे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना झोपून आणि उभे राहून असा दोनदा दाब मोजायला सांगावे. वरचा आकडा वीसने उतरला तर औषधांचा फेरविचार करावा लागतो.

दोघांनी एकत्र चालायचे म्हटले की चालीचा प्रश्न येतो. आपल्याकडे नवरा चार पावले पुढे आणि बायको मागे, हे दृश्य नवे नाही. काका म्हणाले, "हिच्या चालीने गेलो तर माझा व्यायाम होत नाही." खोटे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. त्यांच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण विसरतो : पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही हवेत. तेव्हा तोड अशी निघाली. उजाडल्यावर, थोडे खाऊन, काका आपल्या चालीने एकटे जातात. संध्याकाळी ऊन उतरले की काकूंच्या चालीने दोघे. या संध्याकाळच्या फेरीत व्यायामाचा हिशेब काकांनी करायचा नाही, अशी अट काकूंनी घातली आणि मी तिला दुजोरा दिला.

ही फेरी काय असते? मंडईत जायचे, पेरू दाबून बघायचे, झेंडूचा भाव विचारून न घेता पुढे जायचे. राजवाड्याजवळ बाकावर टेकायचे. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या. ओल्या शेंगांचा हाच हंगाम. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ कमी टाकायला सांगावे, मूठभर शेंगांनी काही बिघडत नाही. सीताफळ मधुमेह्यांना विष नाही, पण अख्खे मोठे फळ एकट्याने न खाता दोघांत एक छोटे वाटून घ्यावे. कोजागरीला काका-काकू वाड्याच्या गच्चीवर जातात. जिन्यात दिवा लावलेला असावा. मसाला दूध छोटी वाटीभर, साखर नावाला, आणि ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी पिऊन लगेच आडवे होऊ नये.

थोडी उभारी आली की लांब जायला हरकत नाही. २०२२ पासून एसटीत पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास आहे, पासष्टपासून निम्मे भाडे आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे. वयाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी संध्याकाळ छान जाते, पण घाटाच्या पाण्यालगतच्या पायऱ्या या दिवसांत शेवाळलेल्या असतात, वरूनच नमस्कार करावा. कास सुमारे पंचवीस किलोमीटरवर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेल्यापासून गर्दी अफाट आहे. फुलांचा बहर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरत जातो. सुट्टीचा वार टाळून जावे, पाणी न्यावे, डोक्यावर टोपी किंवा पदर घ्यावा, कारण पठारावर सावली नाही आणि कातळ सपाट दिसला तरी पायाला सपाट नाही.

एका वाचकाने पत्रातून विचारले आहे की सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरल्याने 'ड' जीवनसत्त्व भरून निघते का. कोवळ्या उन्हात ते फारसे तयार होत नाही. त्यासाठी चढते ऊन लागते, आणि ते ऑक्टोबरमध्ये म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. हाडे दुखत असतील तर तपासणी करून गोळ्या घ्याव्यात. शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ देखील पाहून घ्यावे. ते कमी असले की तळपाय बधिर होतात आणि तोल जातो.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवस मावळण्याच्या सुमारास, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याच्या वेळी. अंगभर कपडे घालावेत. अंधार पडल्यावर गवतातून जाऊ नये आणि हातात बॅटरी ठेवावी, साप याच दिवसांत बाहेर असतात. चालताना छातीत दडपण आले, जबडा किंवा हात भरून आला तर घरापर्यंत जाऊ असा विचार न करता तिथेच बसावे आणि १०८ ला फोन करायला सांगावे. दिवाळीच्या चार दिवसांत पहाटे फटाक्यांचा धूर खाली साचलेला असतो. दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी त्या दिवसांत पहाटेची फेरी बंद ठेवून दुपारी चारच्या सुमारास, मोकळ्या रस्त्याने जावे, आणि दम्याचा पंप घरी विसरू नये.