पुढे रस्ता बंद आहे… पण कोणासाठी?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २, २१ आणि २६



गीतेचा तिसरा अध्याय एका तक्रारीने सुरू होतो. अर्जुन भगवंतांना सरळ म्हणतो, की तुमचं बोलणं मला संमिश्र वाटतंय. एकीकडे ज्ञान श्रेष्ठ म्हणता आणि दुसरीकडे युद्धाला उभं करता. माझी बुद्धी गोंधळली आहे. माझं कल्याण होईल अशी एकच गोष्ट नक्की करून सांगा. (३.२)

ज्ञानेश्वर माऊलींनी ही तक्रार आणखी रंगवली आहे. वैद्यानेच पथ्य सांगून मग विष दिलं तर रोग्याने जगायचं कसं? आंधळ्याला कुणी आडवाटेला लावून दिलं तर त्याने काय करायचं? हा दुसरा दृष्टान्त वाचला की मला हमखास आमच्याकडचे रस्ते आठवतात.

माझं गाव पातूर. अकोल्याहून ३०-३५ किलोमीटर. अकोला, बाळापूर आणि वाशीम अशा तीन बाजूंचे रस्ते इथे भेटतात, आणि वाशीमकडे निघालं की मेडशीच्या आधी घाट लागतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना याच भागातून पुढे जाते. अकोला ते मेडशी या टप्प्याचं चौपदरीकरण चाललं तेव्हा तात्पुरते फलक म्हणजे काय चीज असते हे आम्ही रोज बघितलं. तुम्ही पुण्यात मेट्रोच्या कामात किंवा मुंबईत काँक्रिटीकरणात अडकला असाल तर तुम्हालाही हे नवीन नाही.

फलकावर दोनच शब्द असतात : ‘रस्ता बंद’. आता वाचणाऱ्याच्या मनात काय काय येतं बघा. ट्रकसाठी बंद, की मोटरसायकलसाठीसुद्धा? आजपासून, की मागच्या महिन्यापासून? इथूनच बंद, की पुढे पाच किलोमीटरवर? मग जायचं कुठून? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर फलकावर नसलं की ते प्रत्येक जण आपल्या सोयीने तयार करतो.

दोन ड्रमांच्या मध्ये फट दिसली की ती परवानगी वाटते. ‘वाट ठेवली म्हणजे जाता येत असंल ना!’ समोरून एक गाडी आली की खात्रीच पटते. टपरीवर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘टू-व्हीलर निंगते भाऊ, फोर-व्हीलरचं सांगता येत नाही.’ आणि एसटी आत शिरली की विषयच संपला. लाल डबा जातो म्हणजे रस्ता चालू!

हसू येतं, पण यात ड्रायव्हर मूर्ख नसतो. काम संपून पंधरा दिवस झाले तरी उभा असलेला फलक त्याने पाहिलेला असतो. फाट्यावर लावायचा फलक थेट खड्ड्याजवळ लावलेला पाहिलेला असतो, म्हणजे परत फिरायचं तर सगळं अंतर वाया. दहा वेळा फलक खोटा निघाला की अकराव्या वेळी त्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि नेमका अकराव्या वेळी तो खरा असतो.

याची किंमत काय असते? जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री मोबाईलवरच्या नकाशाने दाखवलेल्या वाटेने गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे बाहेर पडले, गाडी चालवणारा बुडाला. पूल पाण्यात आहे हे गावाला ठाऊक होतं. बाहेरच्या माणसाला ते कुणी सांगायचं?

आता याची दुसरी बाजू. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जण गेले. तिथे पूल धोकादायक असल्याचा फलक होता. तरी रविवारची गर्दी पुलावर होतीच. म्हणजे फलक नसला तरी माणूस जातो आणि असला तरी जातो. एका ठिकाणी सांगणारं कुणी नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी सांगितलेलं मनापर्यंत पोहोचलं नाही.

खरं तर हे नीट कसं करायचं ते लिहून ठेवलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक पुस्तिकेत कामाच्या जागेचे टप्पे पाडले आहेत. आधी दूरवरून इशारा, मग गाड्यांना हळूहळू बाजूला घेणारा निमुळता पट्टा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी मूळ रस्त्यावर परत आणणारा भाग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी रस्त्यावर बंदी घालता येते. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर लोकांना कळवणं मात्र सांगितलं आहे. आणि कलम ११९ प्रमाणे बंधनकारक चिन्ह पाळणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. म्हणजे सांगणाऱ्यावरही जबाबदारी आहे आणि ऐकणाऱ्यावरही.

आता पुन्हा गीतेकडे येऊ. मला तिसऱ्या अध्यायात या दोन्ही जबाबदाऱ्या सापडतात.

श्लोक २१ मध्ये भगवंत म्हणतात, की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसंच बाकीचे लोक वागतात. तो जे प्रमाण मानतो त्याच्यामागे जग चालतं. आपण म्हणतो, मी कुठला श्रेष्ठ? पण बंद रस्त्याच्या तोंडाशी जो पहिला असतो तोच त्या क्षणी मागच्यांचा ‘श्रेष्ठ’ असतो. तुम्हाला वाट माहीत असेल, तुम्ही फटीतून सहज निघाल. तुमच्या मागे लेकराला घेऊन येणाऱ्या बाईला पुढचा खड्डा माहीत नसतो. तिने फलक वाचलेलाच नसतो. तिने तुमचा टेललाइट वाचलेला असतो.

श्लोक २६ सांगणाऱ्यांसाठी आहे. ज्ञानी माणसाने कर्मात गुंतलेल्या साध्या लोकांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट कर्म करत त्यांनाही करू द्यावं, असा त्याचा भाव. तिथला विषय कर्मयोगाचा आहे, रस्त्याचा नाही. पण ‘ज्याला माहीत आहे त्याने न जाणणाऱ्याचा गोंधळ वाढवू नये’ हे सूत्र फलक लावणाऱ्यालाही लागू पडतं. फलक म्हणजे कधीही न भेटणाऱ्या माणसाला दिलेला शब्द. आमच्याकडे ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे झाडाची फांदी टाकतो. त्यावर एक अक्षर नसतं, तरी सगळ्यांना कळतं. मात्र ट्रक निघाला की ती फांदी उचलायलाही हवी. काम झाल्यावर संकेत काढून घेणं हासुद्धा सत्याचाच भाग आहे.

स्पष्ट संकेत कसा असतो ते वारीत बघा. माऊलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. एकच खूण, सगळ्यांना ठाऊक, आणि न पटल्यास विचारण्याची सोय. म्हणून ती पाळली जाते.

अर्जुनानेही तेच केलं. गोंधळल्यावर त्याने सोयीचा अर्थ काढून रथ हाकायला लावला नाही. त्याने विचारलं. आणि भगवंत रागावले नाहीत, त्यांनी पुढे अख्खा अध्याय समजावून सांगितलं. माझ्या मते आजचा धडा इतकाच आहे : संकेत अस्पष्ट असला की थांबून विचारणं ही दुबळेपणाची खूण नाही, ती साधना आहे. मन तर सतत फट शोधतच असतं. उपवासातही, नात्यातही, ऑफिसातही.

आजचा अभ्यास

१. आज एक तरी सूचना अशी शोधा जिचा अर्थ तुम्ही सोयीने लावलाय. ज्याने ती दिली त्याला सरळ विचारा.

२. तुम्ही कुणाला काही कळवणार असाल, अगदी सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी बंद’ असं जरी टाकणार असाल, तर किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत आणि पर्याय काय, हे लिहा. पाणी आलं की तेही कळवा.

३. बंद रस्त्यावर फटीतून गाडी घालण्याआधी एकदा आरशात बघा. मागे कोण आहे?

हे माऊली, आम्हाला विचारण्याचा धीर दे, आणि आमच्या बोलण्याने कुणी आडवाटेला लागू नये एवढं भान दे.

राम कृष्ण हरी 🙏