चंदनाला औषध भरण्याआधी

चि. सुहास,

चंदनाच्या खोडात औषध भरलं की दोन वर्षांत गाभा धरतो, असं एक जण सांगून गेल्याचं तू काल फोनवर म्हणालास. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. डाळिंबाचा बहार धरताना पानगळीसाठी तू इथ्रेल फवारतोसच. त्यातून इथिलीन सुटतं आणि पानं पिकून गळतात. तेच खोडात गेलं तर गाभाही लवकर धरेल, असा हा हिशेब. चंदनावर इथ्रेल आणि पॅराक्वाट हे तणनाशक वापरून पाहिलेत. पण पॅराक्वाट तू घरात आणूच नकोस. त्या विषावर उतारा नाही, आणि घरात लहान पोरं आहेत.

मी हे करून बसलोय. बारा वर्षांच्या झाडाला गिरमिटानं तीन भोकं पाडली, इथ्रेल ओतलं, मेणानं बुजवली. दीड वर्षानं त्या भोकांशेजारी पुन्हा गिरमिट फिरवलं. भुसा तपकिरी निघाला, मी हरखलो. चिमूटभर चोळून नाकाशी धरला तर ओल्या गोणपाटाचा वास! जखम झाली की झाड तेवढा भाग आतून कोंडून घेतं, तिथलं लाकूड काळवंडतं. त्याला गाभा म्हणत नाहीत. तेलवाला तेलातलं सुगंधी सँटॅलॉल मोजून भाव करतो, रंगाला विचारत नाही. त्याच ओळीतल्या, हात न लावलेल्या झाडाचा भुसा आधी पांढरा, बिनवासाचा आला, मग पिवळसर. दुसऱ्या दिवशीही बोटांना वास होता.

तुझी झाडं जेमतेम नऊ वर्षांची. दहाव्या-बाराव्या वर्षानंतर कुठे गाभा धरू लागतो, आणि तोही झाडागणिक वेगळा. औषधाचे पैसे सोबतीच्या झाडांवर घाल. चंदनाच्या मुळ्या दुसऱ्याच्या मुळ्यांना चिकटून अन्नपाणी ओढतात. सुरुवातीला लावलेली तूर तू काढलीस, तिच्या जागी काहीच नाही. पावसाळ्यात सुरू किंवा करंज लाव. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करायची राहिली असेल तर तलाठ्याकडे आधी जा, नाहीतर तोडीच्या परवानगीला अडेल.

आणि औषध सुचवणाऱ्या त्या माणसाला पुन्हा बागेत फिरवू नकोस. चोरही असंच भोक पाडून गाभा बघतात.

दिवाळीला गिरमिट घेऊन येतो. एकाच झाडाला बारीक भोक पाडू, भुसा तू हुंग.

तुझा,
मामा