हिशेबाची फीत

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे हिशेबाची दप्तरे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या मुदतीपासून ७२ महिने राखावी लागतात. आणि संगणकावरील नोंदींची दुसरी प्रत अशी ठेवावी, की अपघाताने मूळ नष्ट झाल्यास ती वाजवी काळात परत मिळावी, असे नियम ५७ सांगतो. बालाघाटात धानाची आवक ऐन भरात असताना रोजमेळ नाहीसा होणे म्हणजे काय, हे सभासदांस सांगावयास नको.

आमच्या पेढीवर युनिक्स वळणाची लिनक्स प्रणाली असून तिला चुंबकी फितीचे यंत्र जोडले आहे. प्रणाली या एकाच यंत्रास दोन नावे देते : ‘एसटी-शून्य’ आणि ‘एनएसटी-शून्य’. सारी मेख येथेच आहे. पहिल्या नावाने काम केल्यास काम संपताच फीत आपोआप आरंभापर्यंत गुंडाळली जाते. दुसऱ्याने केल्यास थांबली तेथेच राहते. सोमवारच्या हिशेबामागे मंगळवारचा लिहावयाचा, तर दुसरेच नाव योजावे. एरवी मंगळवार सोमवारच्या डोक्यावर बसतो, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही. फीत काढून पुन्हा घातली, तरीही ती आरंभीच उभी राहते. तेव्हा लिहिण्यापूर्वी ‘एमटी’ या आज्ञेस ‘ईओडी’ जोडून ती लिखाणाच्या शेवटी न्यावी.

प्रत करणारी आज्ञा ‘टार’. तिचे नावच फितीच्या दप्तरावरून पडले असून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली. ती सामान्यतः ५१२ बाइटांचे २० तुकडे मिळून १०,२४० बाइटांचा खंड लिहिते. लिहिताना व वाचताना खंडाचे माप एकच ठेवावे.

मंगळवारची प्रत तपासावयाची, तर फीत गुंडाळून ‘एफएसएफ १’ म्हणावे, म्हणजे सोमवार ओलांडला जातो. मग ‘टार’ला ‘टी’ अक्षर जोडून यादी वाचावी. एवढ्यावर न थांबता महिन्यातून एकदा एखादी खतावणी निराळ्या जागी उतरवून तिची शिल्लक मूळ शिल्लकेशी ताडून पाहावी. गोणी मोजल्यावाचून पावती न देणारे आपले व्यापारी यंत्राच्या हिरव्या दिव्यावर मात्र निर्धास्त विसंबतात, याचे आम्हांस नवल वाटते.

भरलेल्या फितीची लेखनबंदीची खिटी सरकवावी, तीवर तारीख घालावी आणि ती पेढीवर न ठेवता घरच्या कोरड्या कपाटात ठेवावी.