सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणण्याची किंमत

प्रश्न : वाद नको म्हणून मी घरात कायम हसून ‘चालेल’ म्हणते. हल्ली मला काय हवंय तेच कळेनासं झालंय.

उत्तर : चेहरा आवरला म्हणून मन निवळत नाही. मानसशास्त्रज्ञ ग्रॉस आणि लेव्हनसन यांच्या १९९३च्या प्रयोगात किळसवाणी फिल्म पाहताना चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना किळस तेवढीच वाटली. त्वचेवरच्या नोंदींत ताण मात्र वाढलेला दिसला. ‘मग रोज भांडायचं का?’ असं तुम्ही विचाराल. नाही. राग ओळखणं वेगळं, तो कुणावर काढणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ लिबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात तर फोटोतल्या चेहऱ्यावरची भावना नुसती शब्दांत सांगितल्यावरही मेंदूतल्या अमिग्डालाचा, म्हणजे भावनांशी निगडित भागाचा, प्रतिसाद मंदावला. तेव्हा सासूबाईंनी न विचारता पाहुणे बोलावले आणि तुमचा रविवार ओट्यापाशी गेला, तर आधी स्वतःशी ‘मला राग आलाय’ एवढं म्हणा. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते नंतर ठरवा. काही राग सांगण्याच्या लायकीचे नसतातही.