गृहपाठाची वही

मॉरिशसमधील बहुतेक मुले घरी क्रिओल बोलतात. शाळेतील बहुतेक विषयांची पुस्तके मात्र इंग्रजीत असतात. त्यामुळे गृहपाठ करताना अनेक मुले अडतात. अडल्यावर काय करावे, हे या पाठातील गौरीला कसे कळले ते वाचा.

सकाळची बस कास्कावेलहून निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस वाऱ्यावर डुलत होता. पण गौरीचे लक्ष बाहेर नव्हते. तिच्या मांडीवर दोन वह्या उघड्या होत्या. एक तिची, दुसरी आयेशाची. बस वळली की तिची पेन्सिल घसरे. कॉलेज येण्यापूर्वी पाचही उदाहरणे उतरवून झाली पाहिजेत, एवढेच तिच्या मनात होते.

गौरी ग्रेड आठमध्ये शिकत होती. प्राथमिक शाळेत असताना ती गृहपाठ चटकन संपवी. काही अडले तर दादा समजावून सांगे. कॉलेजात विषय वाढले, वह्या वाढल्या. दादा आता एच.एस.सी.च्या अभ्यासात बुडाला होता. बाबा दिवसभर उसाच्या शेतात राबत. आई फ्लिक आं फ्लाकच्या एका हॉटेलात कामाला होती. तिला घरी यायला रात्र होई. दादाच्या शिकवणीचे पैसे भरतानाच घरी ओढाताण होत असे. "मलाही शिकवणी लावा," असे म्हणायला गौरीची जीभ रेटत नसे.

गणिताच्या तासाला सरांनी वह्या तपासल्या. मग त्यांनी एक उदाहरण फळ्यावर लिहिले: '८०० रुपयांच्या कापडावर शेकडा १५ सूट मिळाली, तर किती रुपये द्यावे लागतील?'

"दोन वह्यांत याचे उत्तर ७८५ आहे," सर म्हणाले. "गौरी, हे उत्तर कसे आले ते सांग पाहू."

गौरी उभी राहिली. तिला काहीच सांगता येईना. शेजारी आयेशा मान खाली घालून बसली होती. आता तिलाही बोलणी बसणार, हे गौरीच्या ध्यानात आले. तिने धीर केला.

"सर, मी आयेशाची वही पाहून लिहिले. तिचा दोष नाही. मीच वही मागितली."

वर्ग शांत झाला. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "खरे बोललीस, हे बरे केलेस. आयेशाचे उत्तर चुकले आहे. पण ती कुठे चुकली ते मला तिच्या वहीत दिसते. शंभरामागे १५ सोडायचे, ते तिने एकदाच सोडले. तिची चूक मी दुरुस्त करू शकतो. तुझी अडचण मात्र मला दिसतच नाही. मुलांनो, गृहपाठ केवळ गुणांसाठी नसतो. तुम्ही कुठे अडता, ते तुम्हांला आणि मला कळावे म्हणून तो असतो. गौरी, उद्या पुन्हा करून आण. चुकले तरी चालेल. पण तुझे स्वतःचे हवे. जिथे अडशील तिथे प्रश्नचिन्ह कर."

संध्याकाळी गौरी वही उघडून बसली. आजी शेजारी भाजी निवडत होती. बराच वेळ झाला तरी पेन्सिल हलेना.

"काय अडलं गं?" आजीने विचारले.

"तुला नाही कळायचं, आजी. पुस्तक इंग्रजीत आहे."

"मग मराठीत सांग. तुला कळलंय की नाही, ते तरी मला कळेल."

गौरीने उदाहरण मराठीत सांगितले. सांगता सांगता ती 'शेकडा' या शब्दापाशी थांबली.

"शेकडा म्हणजे शंभरामागे," आजी म्हणाली. "कात्र बोर्नच्या बाजारात मी कापड घेते ना? दुकानदार शंभरामागे १५ सोडतो म्हणाला, तर आठशेला किती सोडील?"

गौरी बोटे मोजू लागली. "आठशेत शंभर आठ वेळा. आठ पंधरे १२०." तिचा चेहरा उजळला. "म्हणजे ८०० मधून १२० गेले. ६८० रुपये!"

"आजी, तू कुठे शिकलीस हे?"

"सहावीपर्यंत शाळेत. मराठी वाचायला मात्र गावच्या बैठकेत शिकले. सहावी पास झाले, पण पुढच्या शाळेची फी भरायला घरात पैसे नव्हते. मग हातात कोयता आला. १९७७ साली सरकारने माध्यमिक शाळांची फी माफ केली, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तुझे बाबा कडेवर होते." आजी क्षणभर थांबली. "मला गृहपाठ द्यायला कुणी नव्हतं गं. तू दुसऱ्याचा उतरवू नकोस."

गौरी काही बोलली नाही. तिने उरलेली उदाहरणे एकेक करून सोडवली. चौथे काही केल्या सुटले नाही. त्याच्यापुढे तिने मोठे प्रश्नचिन्ह काढले.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रथम ते प्रश्नचिन्ह पाहिले. वर्गात आणखी सात जण तिथेच अडले होते. सरांनी ते उदाहरण पुन्हा शिकवले. पुढे सोमवारी व गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ग्रंथालयात बसायचे ठरले. आयेशाही येऊ लागली. दोघी एकमेकींना उत्तर सांगत नसत, रीत विचारत.

पालकसभेत बाबांनी सरांना विचारले, "मला इंग्रजी फारसे येत नाही. मी मुलीला काय मदत करू?"

सर म्हणाले, "तिचा गृहपाठ तुम्ही करू नका. रोज एक ठरावीक वेळ आणि एक शांत कोपरा तिला द्या. त्या वेळी टेलिव्हिजन बंद ठेवा, मोबाईल दूर ठेवा. आणि 'आज काय शिकलीस?' असे विचारून ती सांगेल ते ऐका. अर्धा तास बसूनही अडले, तर वहीत तसे लिहून पाठवा. पुढचे काम माझे."

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातील टेबलाचा एक कोपरा गौरीचा झाला. समोर आजी बसे. आजीला सांगता आले, की गौरी वही मिटे.

शब्दार्थ

सूट : किमतीत केलेली घट
शेकडा : दर शंभरामागे
शिकवणी : शाळेबाहेर पैसे देऊन घेतलेला अभ्यास
बैठक : गावातील लोक जमून जेथे भाषा व धर्म शिकत ती जागा
रीत : उदाहरण सोडवण्याची पद्धत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गौरी बसमध्ये काय करीत होती?
(आ) सरांच्या मते गृहपाठ कशासाठी असतो?
(इ) आजीची शाळा सहावीनंतर का सुटली?

२. कारणे द्या.
(अ) आयेशाची चूक सरांना दुरुस्त करता येत होती, गौरीची नाही.
(आ) इंग्रजी पुस्तक न वाचताही आजीला गौरीस मदत करता आली.

३. वाक्यात उपयोग करा.
जीभ न रेटणे, धीर करणे, ध्यानात येणे, बोलणी बसणे

४. विचार करून लिहा.
मित्राने गृहपाठाची वही उतरवून घ्यायला मागितली, तर तुम्ही काय कराल?

५. उपक्रम
आज शिकलेला कोणताही एक धडा घरातील वडील माणसाला मराठीत समजावून सांगा. सांगताना कुठे अडलात ते वहीत लिहा.