पिकावरील रोग-किडींचे फोटो कसे घ्यावेत?

केळीच्या नवीन पानावर पिवळे पट्टे दिसले की पहिली शंका येते ती हरण्या रोगाची, म्हणजेच कुकुंबर मोझॅक विषाणूची. हा रोग असल्यास झाड मुळासकट उपटून नष्ट करावे लागते, कारण मावा कीड हा विषाणू शेजारच्या झाडांवर नेते. परंतु जस्ताच्या कमतरतेमुळेही कोवळ्या पानांवर फिकट पट्टे पडतात आणि अशी झाडे उपटण्याची गरज नसते. फोटो पाहून सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला हा फरक स्पष्ट दिसला पाहिजे. फोटो अस्पष्ट असेल तर एकतर चांगली झाडे उपटली जातात, नाहीतर रोगट झाड बागेत राहून रोग पसरवते. दोन्हीकडून नुकसान आपलेच. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा डिजिटल कॅमेरा किंवा मोबाईल पुरेसा आहे. खालील बाबी पाळाव्यात.

१) वेळ व प्रकाश : जळगाव-धुळ्याच्या कडक दुपारच्या उन्हात केळीचे पान चकाकते आणि पिवळा रंग पांढुरका दिसतो. फोटो सकाळी ८ ते १० या वेळेत घ्यावा. दुपारीच घ्यावा लागल्यास पानावर काळ्या छत्रीची सावली धरावी. रंगीत छत्रीमुळे पानाचा रंग बदलतो. अर्धे ऊन व अर्धी सावली असे पान टिपू नये. फ्लॅश बंद ठेवावा.

२) अंतर : जवळचा फोटो घेताना कॅमेऱ्यावरील फुलाचे चिन्ह निवडावे. बटण आधी अर्धे दाबावे, चित्र स्पष्ट झाले की पूर्ण दाबावे. मोबाईलवर डागाच्या जागी बोट टेकवावे. फार जवळ गेल्यास चित्र पुसट येते, म्हणून थोडे मागे सरावे. डिजिटल झूम वापरू नये. त्याने चित्र मोठे होते, पण बारकावे वाढत नाहीत.

३) स्थिरता : कोपर अंगाशी टेकवून कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा. वारा असल्यास सोबत्याला पान धरायला सांगावे.

४) किमान तीन फोटो : पहिला बागेचा, म्हणजे प्रादुर्भाव एका कोपऱ्यात आहे की सर्वत्र, ते कळते. दुसरा पूर्ण झाडाचा, म्हणजे लक्षणे कोवळ्या पानांवर आहेत की जुन्या, ते कळते. तिसरा रोगट भागाचा. त्यात निरोगी व रोगट भागाची सीमा आली पाहिजे. पानाची खालची बाजूही टिपावी. जस्ताच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूस जांभळट छटा दिसू शकते. डाग किंवा किडीशेजारी मोजपट्टी ठेवावी.

५) कपाशी : गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव असलेली डोमकळी न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली असते. तिचा फोटो बाजूने घ्यावा. बोंड बाहेरून निरोगी दिसले तरी आत अळी असू शकते. म्हणून काही हिरवी बोंडे फोडून आतील अळी व सरकीचा फोटो घ्यावा.

६) पाठविण्यापूर्वी : फोटो पडद्यावर मोठा करून पाहावा, पुसट असल्यास झाडाजवळून हलण्यापूर्वीच दुसरा घ्यावा. सोबत गाव, वाण, लागवडीची तारीख, लक्षणे प्रथम दिसल्याचा दिवस, दिलेली खते, शेवटची फवारणी आणि १०० झाडांत किती झाडे बाधित आहेत, हे लिहावे. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास त्याचा दर्जा कमी होत नाही.

फोटोला मर्यादाही आहेत. मुळांवरील सूत्रकृमी किंवा जमिनीतील दोष पानाच्या फोटोत दिसत नाहीत, आणि विषाणूची खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका राहिल्यास नमुना घेऊन जळगावचे केळी संशोधन केंद्र किंवा पाल, ममुराबाद अथवा धुळे येथील कृषि विज्ञान केंद्रात जावे. निदान होईपर्यंत संशयित झाडावर खूण करून ठेवावी व त्यावर वापरलेला विळा निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.